नारळ फुटला तरी पळू नका : देव न मानणाऱ्यांनी आपल्या गावात स्वयंसेवी काम कसं शोधावं

काही वर्षांपूर्वी घराजवळच्या एका संस्थेत शनिवारी मुलांना गणित शिकवायचं म्हणून मी नाव नोंदवायला गेले. अर्जात नाव, पत्ता, रक्तगट आणि धर्म असे रकाने होते. मी हिशेब खात्यात काम करते, त्यामुळे धर्मापुढे सवयीने 'निरंक' लिहिलं. टेबलामागच्या काकांनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "निरंक म्हणजे?"

"म्हणजे काही नाही."

"असं कसं? काहीतरी असेलच की. आडनाव काय?"

आडनाव कळल्यावर त्यांनी स्वतःच्या पेनाने रकाना भरला आणि म्हणाले, "साडेपाचला आरती असते. ती झाली की लगेच वर्ग." दोन शनिवार मी आरतीच्या वेळी बाहेर चपलांच्या रांगेपाशी मोबाइल बघत उभी राहिले. तिसऱ्या शनिवारी गेले नाही. पुढे वर्षभर कुठेच गेले नाही. माझं तत्त्व शाबूत राहिलं आणि त्या मुलांची वजाबाकी होती तिथेच राहिली.

ते वर्ष वाया गेलं याचं कारण मी चुकीची गोष्ट शोधत होते. मला 'नास्तिकांची संस्था' हवी होती. आपल्याकडे अशा संस्था अगदी मोजक्या आहेत, आणि ज्या आहेत त्या मुख्यतः विचारप्रसाराचं काम करतात. शोधायला हवं होतं असं काम, जिथे माझ्या मानण्या-न मानण्याचा प्रश्नच येत नाही. तशी कामं ढिगाने आहेत. मी पुण्यात राहते म्हणून उदाहरणं जास्त इथलीच येतील, पण रीत कराडला चालेल तशी नांदेडलाही चालेल.

१. आधी आपली रेघ ठरवा

हे काम घरी बसून, कागदावर करा. देव न मानणारी माणसंसुद्धा एकसारखी नसतात. कुणाला प्रसाद खायला काही वाटत नाही, पण हात जोडायला नको असतं. कुणाला दीपप्रज्वलन चालतं, सरस्वतीपूजन चालत नाही. कुणाला कपाळावर कुंकवाचं बोट टेकलं तरी अंगावर काटा येतो.

तीन रकाने करा: चालेल, बाजूला उभी राहीन, अजिबात नाही. माझ्या पहिल्या रकान्यात प्रसाद, नारळ, फोटोला हार, तिळगूळ हे सगळं आहे. दुसऱ्यात आरती आणि सामूहिक प्रार्थना. तिसऱ्यात दोनच गोष्टी आहेत: मुलांकडून पूजाअर्चा करून घेणं, आणि मदतीच्या बदल्यात कुणाला काही मानायला लावणं.

महाराष्ट्रात जवळजवळ प्रत्येक चांगल्या कामाच्या सुरुवातीला कुणीतरी नारळ फोडतं. रक्तदान शिबिरात, किल्ल्याच्या साफसफाईला, तळ्यातला गाळ काढायला, अगदी नवीन झेरॉक्स मशीन आलं तरी. नारळ दिसला की निघायचं असं ठरवलंत तर घरीच बसाल. मी बसले होते. नारळ आणि अट यांत फरक करायला शिका. नारळ म्हणजे त्या माणसांची रीत. अट म्हणजे 'आधी हे म्हणा, मग जेवण'. पहिली गोष्ट दिसली तर थांबा, दुसरी दिसली तर निघा.

२. वेळ खरा सांगा

उत्साहात 'आठवड्यातून तीन दिवस येईन' असं म्हणू नका. महिन्यातून दोन शनिवार देणारा आणि नेमाने येणारा माणूस संस्थेला जास्त उपयोगी पडतो. प्रवासाचा वेळ धरा. पुण्यात सिंहगड रस्त्यावरून विश्रांतवाडीला जाऊन दोन तास काम करायचं म्हणजे अर्धा दिवस गेला. शक्यतो घरापासून तीन-चार किलोमीटरच्या आतलं काम घ्या. बायकांनी परतीची बस किती वाजेपर्यंत आहे तेही आधीच बघून ठेवावं.

३. काम कुठे शोधायचं

रक्तपेढी. सुरुवात इथून करा, कारण इथे कुणीच कुणाला काही विचारत नाही. वय १८ ते ६५ (पहिल्यांदाच देत असाल तर ६० पर्यंत), वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५. पुरुषांनी ९० दिवसांनी, बायकांनी १२० दिवसांनी पुन्हा द्यायचं. शिबिरं बहुतेक जयंत्या आणि उत्सवांना जोडून होतात. तिथली गर्दी, भाषणं, पुढाऱ्यांबरोबरचे फोटो नको असतील तर थेट रुग्णालयाच्या रक्तपेढीत जा. तसंही मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत, कॉलेजं बंद असताना, रक्ताचा तुटवडा असतो. शिबिरांच्या हंगामात मात्र एकदम भरपूर येतं. थॅलेसेमिया या रक्ताच्या आजाराच्या मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं, ती मुलं जयंतीची वाट बघू शकत नाहीत. वजन ५० किलोच्या वर असेल तर प्लेटलेट देण्याबद्दलही विचारा. त्याला तास-दीड तास जातो, पण रक्ताइतके महिने थांबावं लागत नाही.

वाचन आणि लेखनिक. अंध विद्यार्थ्यांना परीक्षेत लिहायला लेखनिक लागतात आणि वर्षभर पुस्तकं वाचून, ध्वनिमुद्रित करून देणारे लागतात. मुंबईत वरळीची नॅब, सेंट झेवियर्स कॉलेजमधलं दृष्टिहीनांसाठीचं केंद्र, पुण्यात निवांत अंध मुक्त विकासालय ही ठिकाणं यासाठी ओळखीची आहेत. इथे एक खड्डा आहे आणि मी त्यात पडले. बी. कॉम.च्या एका मुलाचा पेपर लिहायला मी हौसेने रजा काढली आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी कळलं की मी चालणार नाही. लेखनिक विद्यार्थ्याने स्वतः आणला तर त्याचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा कमी असावं, असा नियम बऱ्याच परीक्षांना लागतो. माझं एम. कॉम. आडवं आलं. त्या मुलाला धावपळ करून बारावीची मुलगी शोधावी लागली. तेव्हा हो म्हणण्याआधी त्या परीक्षेचा नियम लेखी मागून घ्या. शिक्षण जास्त झालं असेल तर वाचून दाखवायचं काम धरा, त्याला कुठलीच मर्यादा नाही. आणि लेखनिक म्हणून बसलात तर तासाला किमान २० मिनिटं जादा मिळायला हवीत हे लक्षात ठेवा. पर्यवेक्षकाला माहीत नसलं तर सांगायची जबाबदारी तुमची.

नदी, टेकडी, समुद्र. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह आणि त्यांचे वयोवृद्ध शेजारी असे दोघेच कचरा उचलायला उतरले, मग शेकडो लोक येऊ लागले. आता जवळजवळ प्रत्येक शहरात रविवार सकाळचा एखादा असा गट असतो. पुण्यात मुठेवर काम करणारी जीवितनदी आहे, टेकड्यांवर पाण्याचे कॅन खांद्यावर घेऊन झाडं जगवणारे फिरायला येणारे लोक आहेत. यांची ना नोंदणी असते ना अर्ज. सकाळी सहाला टेकडीवर जा, कॅन घेऊन चढणाऱ्या आजोबांना विचारा, "मी पण घेऊ का एक?" झालं काम. कोकणात असाल तर वेळासला सह्याद्री निसर्गमित्रने समुद्री कासवांच्या घरट्यांचं काम उभं केलं, तसं काम आता किनाऱ्यावरच्या इतर गावांतही चालतं.

किल्ल्यांवर दुर्गसंवर्धनाचे गट भरपूर आहेत आणि काम खरंच अंगमेहनतीचं आहे: टाक्यांतला गाळ, तटावरची झुडपं. तिथे गडपूजन, आरती, घोषणा हे ठरलेलं असतं. काही गट त्यानंतर दिवसभर घाम गाळतात, काहींचं पूजन झालं की जेवणच होतं. एकदा जाऊन बघा आणि परतताना किती घमेली गाळ निघाला ते मोजा.

विसर्जन घाट. हे वाचून काहीजण हसतील. पण देव न मानणाऱ्या माणसाला गणेशोत्सवात जितकं काम आहे तितकं वर्षभरात नाही. दीड, पाच, सात आणि दहा दिवसांच्या विसर्जनाला निर्माल्य गोळा करणं, मूर्ती नदीत न टाकता हौदात किंवा संकलनाला द्यायला सांगणं, प्लास्टरची मूर्ती पाण्यात विरघळवायला अमोनियम बायकार्बोनेट कसं वापरायचं ते समजावणं. ती पद्धत पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने काढली आणि महापालिकेने ते रसायन फुकट वाटलं. महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात किंवा एखाद्या पर्यावरण गटाकडे उत्सवाच्या पंधरा दिवस आधी नाव द्या.

घाटावर देव आहे की नाही हा विषय काढायचा नाही. एकदाही नाही. पहिल्या वर्षी एका आजींनी घरची छोटी मूर्ती माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "नीट ठेव गं बाई." मी ती दोन्ही हातांनी धरली आणि टेबलावर ओणवं होऊन ठेवली. त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि त्यांनी बघितलं म्हणूनच पुढच्या दोघींनी आपापल्या मूर्ती पुढे केल्या. तुमच्या लेखी ती माती असेल; ज्यांनी दहा दिवस घरात बसवली त्यांच्या लेखी नाही, हे हातांना माहीत असलं पाहिजे.

वारीचंही तसंच. आषाढी वारीच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात तेव्हा पायाच्या फोडांना मलमपट्टी करणारे, पाणी देणारे, रस्ता झाडणारे लागतात. पुण्यातले माझ्या ओळखीचे दोन पक्के नास्तिक दरवर्षी सुट्टी टाकून पायांना तेल लावायला बसतात.

विवेकाचं काम. ज्यांना विचारांचंच काम करायचं आहे त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची जवळची शाखा गाठावी. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये ती सुरू केली. २० ऑगस्ट २०१३ ला त्यांची हत्या झाली आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती ही श्याम मानवांची वेगळी संघटना आहे, नावांत गल्लत करू नका. दोन गैरसमज आधी काढून टाका. एक, समितीत यायला नास्तिक असावं लागत नाही. तिची भूमिका शोषणाच्या विरोधात आहे, देव मानणारे कितीतरी कार्यकर्ते तिथे आयुष्यभर राबलेत. दुसरं, काम म्हणजे नुसती व्याख्यानं नव्हेत. शाळांत चमत्कारांमागचं विज्ञान करून दाखवणं, डोक्यात जट झालेल्या बाईशी आणि तिच्या घरच्यांशी महिनोन्‌महिने बोलून ती सोडवणं, जातपंचायतीने वाळीत टाकलेल्या कुटुंबाबरोबर पोलीस ठाण्यात जाणं, होळीत पोळी न टाकता ती गोळा करून भुकेल्यांना देणं. माझ्या मते जट सोडवण्याच्या एका भेटीला सोबत जाणं हे दहा पुस्तकं वाचण्यापेक्षा जास्त शिकवतं. बहुतेक वेळ आपण फक्त चहा पीत ऐकत असतो.

घरात लहान मुलं असतील तर राष्ट्र सेवा दलाची शाखा बघा. १९४१ पासून चालू आहे आणि धर्म-जात बाजूला ठेवून मुलांना एकत्र आणणं हाच तिचा पाया आहे. तरुण असाल तर मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला होणारी श्रमसंस्कार छावणी आहे. बाबा आमट्यांनी १९६७ मध्ये ती सुरू केली. विदर्भातलं मेमधलं ऊन आणि हातात कुदळ. शहरातल्या मुलांची दुसऱ्याच दिवशी परीक्षा होते. कॉलेजात असाल तर राष्ट्रीय सेवा योजना समोरच आहे, वर्षाला १२० तास.

ऐकणं. आत्महत्येचा विचार मनात असलेल्यांचं फोनवर ऐकून घेणाऱ्या संस्था स्वयंसेवकांना आधी नीट प्रशिक्षण देतात. मुंबईत समारिटन्स आहे. नाव बायबलमधल्या गोष्टीतलं असलं तरी काम धार्मिक नाही. या कामाचा पहिला नियम असा, की स्वयंसेवकाने स्वतःची मतं समोरच्यावर लादायची नाहीत. म्हणजे फोनवर कुणी म्हणालं, "देवानेही पाठ फिरवली," तर तुम्ही देवाची बाजू घ्यायची नाही आणि देव नाहीच असंही सांगायचं नाही. जमत असेल तरच जा.

घरबसल्या. गुडघे दुखतात, सासूबाई अंथरुणाला आहेत, गावात काहीच नाही: अशांसाठी मराठी विकिपीडिया (१ मे २००३ पासून) आणि मराठी विकिस्रोत आहे, जिथे जुनी पुस्तकं तपासून युनिकोडमध्ये आणतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीविव्हर या संकेतस्थळावर लहान मुलांच्या गोष्टी मराठीत आणता येतात.

आणि हो, अन्न. रॉबिन हूड आर्मी २०१४ मध्ये दिल्लीत सुरू झाली, पुण्या-मुंबईतही आहे. उरलेलं चांगलं अन्न गोळा करून वाटतात, पैसे घेतच नाहीत. कुणाला पैशांच्या व्यवहाराची भीती वाटत असेल तर हे सगळ्यात सोपं.

४. जाण्याआधी संस्था तपासा

धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर संस्थेचं नाव टाकून नोंदणी सापडते का बघा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदणी झाली की क्रमांक मिळतो. त्याच्या सुरुवातीचं अक्षर बघण्यासारखं असतं: सामाजिक संस्थांचा क्रमांक बहुधा 'ई' किंवा 'एफ'ने सुरू होतो, हिंदू देवस्थानांचा 'ए'ने. यावरून आरती होते की नाही ते कळत नाही, पण संस्था कशासाठी नोंदली आहे याचा अंदाज येतो. नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण या संकेतस्थळावरही शोधा.

मग एक चक्कर टाका, न कळवता. स्वयंपाकघर आणि संडास बघायला मिळाले तर उत्तम. भिंतीवर कुणाकुणाचे फोटो आहेत याकडे माझं लक्ष आधी जायचं. आता मी हजेरीची वही कुठवर भरली आहे ते बघते.

अट आहे का हे ओळखायला एकच प्रश्न पुरतो: "एखादं मूल प्रार्थनेला बसलं नाही तर?" ज्या संस्थेत नारळच फक्त आहे तिथली ताई म्हणेल, "मग काय, खेळत बसतं बाहेर." ज्या संस्थेत अट आहे तिथे उत्तर यायला वेळ लागतो. आणि हा प्रश्न सगळ्यांना विचारा. देवळाच्या ट्रस्टला विचाराल आणि मिशनच्या दवाखान्याला किंवा दर्ग्याच्या लंगरला विचारणार नाही, किंवा त्याच्या उलट, तर तो विवेक नाही, आवड-निवड आहे.

देवस्थानांनी चालवलेले दवाखाने, अन्नछत्रं, वसतिगृहं यांना सरसकट फुली मारू नका. काही ठिकाणी रुग्णाला नावापलीकडे काही विचारत नाहीत.

५. पहिल्या भेटीत काय बोलायचं

एकदाच सांगा, लवकर सांगा आणि थोडक्यात सांगा. मी आता असं म्हणते: "काका, मी पूजा-आरतीत नसते, तेवढा वेळ मी वर्ग झाडून घेईन किंवा चपला लावीन. बाकी कुठलंही काम सांगा." यात मत नाही, वाद नाही, आणि त्या दहा मिनिटांत मी काय करणार हे त्यांना कळतं. 'नास्तिक' हा शब्द मी वापरत नाही. लाज वाटते म्हणून नाही. तो ऐकला की समोरचा माणूस चर्चेला बसतो आणि काम राहून जातं.

धर्माचा रकाना आला तर मोकळा सोडा किंवा 'नाही' लिहा. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये सांगितलं आहे की सरकार कुणालाही धर्म लिहायची सक्ती करू शकत नाही आणि 'माझा कुठलाच धर्म नाही' असं म्हणायचा हक्क नागरिकाला आहे. खासगी संस्थेच्या अर्जाला तो निकाल थेट लागू नाही, पण टेबलामागच्या काकांना शांतपणे सांगायला उपयोगी पडतो. पुढे 'आडनाव काय' हा प्रश्न आला तर आडनाव सांगा आणि म्हणा, "रकाना मोकळाच राहू द्या." मी तेव्हा हे म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

६. बरोबर काय न्यायचं

- आधारची प्रत, शक्यतो मास्क केलेली, म्हणजे शेवटचे चारच आकडे दिसतात. प्रतीवर कशासाठी दिली ते आणि तारीख लिहा.
- दोन पासपोर्ट फोटो, रक्तगट, घरच्या एका माणसाचा फोन नंबर.
- तुम्हाला ओळखणाऱ्या दोन माणसांची नावं. नातेवाईक नकोत.
- मुलांबरोबर काम असेल तर पोलिसांची चारित्र्य पडताळणी. अर्ज ऑनलाइन होतो, पण वेळ लागतो, तेव्हा लवकर करा. जी संस्था मुलांत सोडताना काहीच मागत नाही, तिच्याबद्दल मला जास्त शंका येते.
- कुत्र्या-मांजरांचं काम असेल तर रेबीजची लस आधी, काम नंतर.
- मैदानी कामाला टोपी, पाण्याची बाटली, बूट, हातमोजे, टाचणीपासून कात्रीपर्यंतची छोटी पेटी आणि स्वतःचा डबा. संस्थेचं जेवण संस्थेत राहणाऱ्यांसाठी असतं.

७. इथे पाय घसरतो

पैसे. स्वयंसेवक व्हायला 'नोंदणी फी' किंवा 'प्रमाणपत्र शुल्क' मागितलं तर निघा. देणगी द्यायची असेल तर पावती घ्या. आयकरात देणगीवरची सवलत हवी असेल तर २००० रुपयांच्या वर रोख देऊ नका, ती सवलतीत धरत नाहीत, आणि आर्थिक वर्ष संपल्यावर देणगीचं प्रमाणपत्र मागून घ्या. (हिशेब खात्याची सवय, माफ करा.)

फोटो. बालगृहातल्या मुलांचे चेहरे मोबाइलवर टाकू नका. बालन्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलांची ओळख उघड करणं गुन्हा आहे. 'चेहऱ्यावर स्माइली लावला' ही पळवाट चालत नाही, मागे संस्थेची पाटी दिसते.

वाढदिवसाचं केक-वाटप. मुलं एका रविवारी तीन पाहुण्यांसाठी तीनदा टाळ्या वाजवतात. त्याऐवजी महिन्याला दोन तास अभ्यास घ्या.

निवडणुकीचं वर्ष असेल तर टी-शर्टवर काय छापलंय ते घालण्याआधी वाचा.

आणि सगळ्यात मोठा खड्डा आपल्याच पायाखाली असतो. आरतीवाल्या संस्थेनंतर मी वस्तीतल्या एका अभ्यासवर्गात जायला लागले. तिथे खिडकीजवळ बसणाऱ्या एका मुलीच्या मनगटात काळा दोरा होता. मी तिला हसत विचारलं, "हा कशाला गं? यानं गणित येतं का?" वर्गातली दोन पोरं हसली. तिने हात दप्तराखाली घेतला. पुढचे दोन शनिवार ती आली नाही. मग तिच्या आईने वर्गाच्या ताईंना सांगितलं, की धाकटा भाऊ तापाने गेला तेव्हापासून तो दोरा आहे. ज्या काकांनी माझा रकाना भरला होता त्यांच्यापेक्षा मी काही वेगळं केलं नव्हतं. मुलांना प्रश्न विचारायला शिकवायचं असेल तर गणितात, विज्ञानात, पानावरच्या किड्याबद्दल शिकवा. दोरा, ताईत, टिळा, बुरखा, क्रॉस यांबद्दल त्यांनी विचारलं तरच बोला, तेही आईबापांना माहीत असताना.

८. सोडताना

तीन महिन्यांनी स्वतःला विचारा की चालू ठेवायचं का. जमत नसेल तर निरोप सांगून सोडा. फोन उचलणं बंद करून गायब होणारे स्वयंसेवक ही प्रत्येक संस्थेची जुनी तक्रार आहे आणि मीही एकदा त्यांतलीच होते. निदान दोन आठवडे आधी सांगा, किल्ल्या आणि वह्या परत करा, मुलांना स्वतः सांगा की पुढच्या शनिवारपासून दुसरे दादा येणार आहेत.

नवीन येणाऱ्यासाठी एक वही ठेवा. कुणाला कुठला पाढा येत नाही, कोण फळ्याजवळ बसलं तरच लिहितं, कुणाला घरी लवकर जावं लागतं एवढंच लिहायचं, मूल्यमापन नको. नोकरीची वेळ बदलली तेव्हा मी तो वर्ग सोडला आणि पुढच्या दादांना वही दिली. तिच्यातली शेवटची नोंद अशी होती: 'खिडकीजवळची मुलगी. हातच्याची वजाबाकी अडते, काड्या दिल्या की जमते. दोऱ्याबद्दल विचारू नये.'